दुसरा दिवा

ह्यांनी सरड्याच्या काचपेटीत दुसऱ्या टोकालाही गरम दिवा लावला. "वाळवंटातला जीव, गारठत असेल," म्हणाले. महिन्यापूर्वी शलाका सासरहून एक बॅग आणि हा पाळलेला सरडा घेऊन आली, तेव्हा "हे किती दिवस?" असं ह्यांनीच विचारलं होतं. सरड्याबद्दल विचारलं, असं मी धरून चालले.

दुपारी सरडा तोंड वासून काचेवर पंजे घासू लागला. शलाकाने धावत येऊन नवा दिवा बंद केला.

"बाबा, एक बाजू गारच ठेवायची असते. फार तापलं की त्याला सरकायला जागा हवी. नाही मिळाली तर मरतो तो."

"मी आपलं चांगल्यासाठीच केलं गं."

"माहीत आहे."

संध्याकाळी जावयांचा फोन आला. रोज हे फोन शलाकाच्या हाती देत, "जरा जुळवून घे" म्हणत. आज स्वतःच बोलले. "ती इथेच राहणार आहे," एवढं सांगून फोन ठेवला.

मग स्क्रूड्रायव्हर घेऊन पेटीपाशी बसले. दुसरा दिवा उतरवताना सरड्याला म्हणाले, "सरक तिकडे. जागा केलीय."