कोनाड्यातला कप

सन चौऱ्याऐंशीच्या संत्र्यांच्या हंगामात पांढुर्ण्यातल्या एका अंगणात मजुरीला आलेली शकुंतला संत्री निवडत होती. ओसरीवर मालकीण प्रेमलता आपल्या मुलांना आणि शकुंतलेच्या लेकीला, इंदूला, बालकादंबरी वाचून दाखवत होती. कादंबरीत दोन घरं होती: एक साखरेलाही कुलूप लावणारं, दुसरं वाटसरूसाठी रोज ताट राखून ठेवणारं. “आमचं घर यातलं कोणतं गं, इंदू?” प्रेमलतानं हौसेनं विचारलं. “ताटवालं,” इंदू म्हणाली. “तुमीबी आमच्यासाठी कोनाड्यात कप राखून ठेवता ना, काकू! दुसऱ्या कोणालेच हात लावू देत नाही. माय सांगते.” शकुंतलेचे हात थांबले, मान खालीच होती. दुपारचा चहा त्याच कपातून पिऊन ती सवयीनं तो विसळायला उठली. प्रेमलतानं हिसकावून घेतला, स्वतः विसळला आणि तो घेऊन ती स्वयंपाकघराकडे वळली. आतून सासूबाई खोकल्या. उंबऱ्यावरूनच प्रेमलता परतली. कप पदरानं पुसून तिनं खरोखर जपून ठेवला. कोनाड्यातच.