बिनब्रेकची गाडी

"एक बेल दे," काका उशीत तोंड खुपसून म्हणाले. "मला उतरायचंय."

काकूंनी कपातला आल्याचा चहा ढवळता ढवळता चमचा थांबवला. काकांनी उभी हयात बस चालवली होती. एक बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे निघा. उरलेलं सगळं बोलणं त्यांना फुकटची बडबड वाटायचं.

"अहो, खाली समुद्र आहे. पुढचा थांबा उद्या सकाळी येणार."

"मग उद्या. पहिल्या बंदराला उतरायचं आणि घरचा रस्ता धरायचा. खोली झाडणारा सांगून गेलाय, उतरणाऱ्यांनी संध्याकाळी बॅगा दाराबाहेर ठेवायच्या. भर बॅग."

काकू बॅग भरू लागल्या. बोटीवर घालायला म्हणून घेतलेल्या नव्या कॅनव्हासच्या चपला अजून पिशवीतच होत्या. त्या तळाशी गेल्या. वर शाल गेली. मग हात अडला.

सकाळी त्या एकट्याच वर जाऊन आल्या होत्या. पाणी नुसतं निळं नव्हतं. कुणीतरी बसून घड्या घालतंय, मोडतंय, पुन्हा घालतंय, आणि दमत म्हणून नाही, असं ते पाणी होतं. "अहो, बघा तरी," म्हणून त्या शेजारी वळल्या, तर शेजारी कठडाच होता. सगळा जन्म काकांनी दुसऱ्यांना गावोगाव पोचवलं आणि काकूंनी घरी ताट झाकून वाट पाहिली. दोघांनी मिळून कुठे जायचं, ते हे पहिलंच. हे त्या बोलल्या नाहीत. भरल्या पोटी सुद्धा ज्याला बोलणं बडबड वाटतं, त्याला उपाशीपोटी काय सांगायचं!

दारावर टकटक झाली. बोटीवरची नर्स गोळी आणि बशीत हिरव्या सफरचंदाच्या फोडी घेऊन आली होती.

"काका, हात धुवा आणि थोडं थोडं खा. पोट रिकामं ठेवलंत की जास्त ढवळतं. आणि या बंद खोलीत पडून राहू नका. मोकळ्यावर बसा, बोटीच्या मधल्या भागात, तिथे कमी हलतं. लांब, पाणी आणि आभाळ जिथे मिळतं ना, तिथे नजर लावा."

"मला बोट लागलेली नाही," काका म्हणाले. चेहरा त्या सफरचंदासारखा हिरवा. "घाटात अख्खी बस खिडकीतून माना काढायची. मी एकटा शीळ घालत असायचो."

"आणि वर त्यांना म्हणायचात, लिंबू हुंगा," काकू म्हणाल्या. "आता आणू का एक?"

नर्स तोंडावर हात धरून बाहेर गेली. काकांनी कूस बदलली.

तेवढ्यात बोट एका अंगाला कलली. चादरीखाली काकांचा उजवा पाय ताठ झाला आणि पलंगाच्या फळीवर दाबला गेला. बोट सावरली, पाय सैल पडला. पुन्हा कलली. पुन्हा पाय.

काकू बघत राहिल्या. कालपासून हा माणूस पडल्या पडल्या एवढ्या थोरल्या बोटीला ब्रेक लावत होता, आणि बोट काही ऐकत नव्हती.

"उठा," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"पुढची सीट रिकामी आहे."

त्यांनी एका हातात बशी आणि चहा घेतला, दुसऱ्या हातानं काकांचा दंड धरला. मधला भाग आला. तिथे लोक पांघरुणं घेऊन पहुडले होते. काकू थांबल्या नाहीत.

"अगं, ती मधे बसा म्हणाली ना?"

"ते पॅसेंजरांसाठी."

पार पुढे, बोटीच्या नाकाशी, खुर्च्या मोकळ्या होत्या. काकांना पहिल्या खुर्चीत बसवून काकू मागच्या खुर्चीत बसल्या. समोर कुणाचं डोकं नाही, काच नाही. नुसतं पाणी, आणि पाण्याच्या शेवटी पट्टीनं आखल्यासारखी सरळ रेघ.

काकांनी गोळी घेतली. एक फोड खाल्ली. थोड्या वेळानं दुसरी. मग बशी रिकामी झाली आणि त्यांच्या मांडीवरच राहिली, दोन्ही हातांनी कडा धरलेली.

लांबून एक मोठी लाट येताना दिसली. बशी किंचित डावीकडे वळली. बोट चढली, उतरली. बशी पुन्हा सरळ झाली. पाय दाबला गेला, पण हलकेच, ओळखीच्या वळणावर दाबावा तसा. मानेवरचा घाम वाऱ्यानं वाळला. मग आणखी एक लाट, आणखी एक वळण. आणि मग, आधी काकूंना वाटलं वाराच आहे, काका शीळ घालत होते.

कठड्यावरचा भोंगा खरखरला. "उद्या सकाळी उतरणाऱ्या प्रवाशांनी आपल्या बॅगा आता दाराबाहेर ठेवाव्यात."

शीळ थांबली. काकूंच्या हातातला कप तसाच राहिला. खोलीत पलंगावर बॅग अर्धी भरलेली, तोंड उघडं टाकून पडली होती.

काकांनी मान वळवली नाही. नजर रेघेवरून हलवली नाही. इंजिनाच्या आवाजातही ऐकू जावं तसं मोठ्यानं म्हणाले, "मागे कोणी उतरणारं आहे का?"

काकूंनी वळून पाहिलं. मागे ओळीनं रिकाम्या खुर्च्या होत्या.

त्यांनी कपातला चमचा काढला आणि लोखंडी कठड्यावर वाजवला.

टण् टण्.