टोकाची झाडं

नऊ वर्षांची झाली तरी आबांची नात शाळेत जात नव्हती. तिच्या कलाने घरीच शिकू द्यायचं लेकासुनेने ठरवलं होतं. आबांना ते मुळीच पटलं नव्हतं. पोरगी शेतावर राहायला आली तसे पाचोऱ्याच्या शाळेचा प्रवेशअर्ज खिशात घालून ते तिला शोधत केळीच्या बागेत गेले. ठिबकच्या नळीखाली घरातले बठ्ठे, झाडून सगळे पेले ओळीने मांडलेले. "हाई काय खेळ मांडेल शे?" "खेळ नाही, आबा. सगळे एकदमच ठेवले. विहिरीजवळचा भरून वाहतोय, टोकाचा अर्धाही नाही. तिकडच्या झाडांना पाणीच पोचत नाहीये." रोपंच खराब निघाली असं समजून ती खुरटलेली झाडं आबा उद्या उपटून टाकणार होते. ते पेल्यांकडे बघत राहिले. "आकडे लिहायचेत, कागद आहे?" आबांनी खिशातला अर्ज काढून तिच्यापुढे उलटा धरला. "लिख, मांगनी बाजू कोरी शे."