संघाचं नाव ‘आर्डिससाठी’

“एक मिनिट!” व्हर्लिन तळघरातून ओरडला.

आर्डिस वर स्वयंपाकघरात उभी होती. स्वेटरची बटणं उघडीच. पार्किन्सनमुळे तिचे हात सारखे थरथरत, काजं बोटांना सापडत नसत. पाहुणे यायच्या आत नवऱ्याने बटणं लावून द्यावीत, एवढंच तिचं मागणं होतं. पण व्हर्लिनचं एक मिनिट कधी संपत नसे.

तळघरात नऊ कॉम्प्युटर घोंघावत होते. घरातला रिकामा कॉम्प्युटर औषधांच्या संशोधनाला द्यायचा, त्याने इंटरनेटवरून शास्त्रज्ञांची आकडेमोड करत बसायचं आणि कामाप्रमाणे मालकाला गुण मिळायचे, अशी ती योजना. आर्डिसच्या आजाराचं निदान झालं तेव्हा व्हर्लिनने घरातला एक जुना कॉम्प्युटर जोडला. त्या दिवशी त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मग गुणांची चटक लागली. बाकीचे आठ कधी रिकामे नव्हतेच. ते याच कामासाठी विकत आणलेले. पाठोपाठ चर्चमधल्या मंडळींचा संघ झाला. त्याचं नाव ‘आर्डिससाठी’. त्या नावाच्या टोप्याही शिवून आल्या. गुणांच्या यादीत पुलापलीकडच्या सुपीरियर गावाचा संघ कायम एक पायरी वर असे, तेवढं सोडलं तर व्हर्लिनला जगात दुसरं दुःख नव्हतं. तळघर त्या यंत्रांच्या धगीने तापलेलं असे. वर आर्डिसला स्वेटर लागे.

आज सुपीरियरवाले मागे पडले होते. म्हणून ही मेजवानी.

मंडळी आली. बूट दारात निघाले, बटाटे नि चीज भाजून केलेली कॅसरोल टेबलावर आली. आर्डिसने स्वेटरच्या दोन्ही कडा मुठीत धरल्या होत्या. कुणी तिकडे पाहिलं नाही. दिसलेलं दिसलं नाहीसं करायची कला अमेरिकेतल्या या मिनेसोटा राज्यात आईच्या दुधातूनच मिळते.

“नवरा असावा तर असा!” चर्चचे पास्टर कॉफीचा कप उंचावत म्हणाले. टाळ्या पडल्या.

“छे, छे, मी कुठे काय केलं,” व्हर्लिन म्हणाला आणि डोक्यावरची टोपी नीट केली. नम्रतेचं सोंग त्याला छान जमे.

आर्डिसची मैत्रीण लव्हॉन तिच्या शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “व्हर्लिन, माझ्याकडेही एक कॉम्प्युटर धूळ खात पडलाय. देतोस का जोडून? फक्त आर्डिसच्या आजाराचं काम कसं निवडायचं, तेवढं दाखव. तुझे सगळे तेच करतात ना?”

व्हर्लिन हसला. पट्टीचा खेळाडू नवशिक्याला हसतो तसा.

“अगं, इथेच तर नवे लोक फसतात! आजार निवडायचाच नाही. जिथे गुण जास्त, ते काम घ्यायचं. पार्किन्सनच्या कामाला गुण अगदीच फालतू. मी तर ते पहिल्या महिन्यातच बंद करून टाकलं. नाहीतर सुपीरियरवाल्यांना आपण गाठलं असतं होय?”

पास्टर कपात बघू लागले. लव्हॉनने त्याच्या टोपीवरचं नाव वाचलं, मग शेजारी बसलेल्या आर्डिसकडे पाहिलं. आपण काय बोलून बसलो हे कळायला नऊ कॉम्प्युटरांच्या मालकाला बराच वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. तो लगबगीने बायकोपुढे गुडघ्यांवर बसला आणि तिच्या स्वेटरच्या पहिल्या बटणाला त्याने हात घातला.

आर्डिसने तो हात बाजूला केला. तिची बोटं थरथरत होती, आवाज नाही.

“राहू दे, व्हर्लिन. यालाही गुण कमीच असतील.”