मागची भिंत

संघमित्राबाईंना एकदा तरी तो मूनवॉक जमवायचा होता, पुढे चालल्यासारखं दाखवत मागे घसरत जायचं तो नाच. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी सोसायटीच्या कार्यक्रमात नाव दिलं. भाची सोनम शिकवायला दुपारीच त्यांच्या वाशीच्या फ्लॅटवर आली आणि दोघींनी सोफा बाजूला सारला.

"मावशी, एक टाच उचल, दुसरा पाय नुसता मागे सरकव. टेन्शन नको घेऊ."

मोजे फरशीवर सारखे अडकत होते. मग अचानक जमलं. पाय तेलावरून घसरल्यासारखे सुळकन मागे जाऊ लागले.

"भारी, मावशी!" सोनमने टाळ्या पिटल्या. "बास आता, मागे भिंत आहे."

बाईंनी हसत हात मागे नेला. भिंत लागली नाही, नुसता गारवा लागला.

समोर सोनम लहान होत चालली होती. तिच्या शेजारची उन्हाची खिडकीही.

"मावशी, थांब ना!" आवाज फार लांबून आला.

घाबरायला हवं, हे बाईंना कळत होतं. पण इतकं हलकं त्यांना कधीच वाटलं नव्हतं. तरी पोरीसाठी म्हणून त्यांनी दोन्ही पाय घट्ट रोवले.

पाय थांबले. त्या मात्र मागे जातच राहिल्या.