मीठ कमी

"या सोलकढीत मीठच नाही," तात्या बायकोच्या कानाशी पुटपुटले. लग्नापासून ही तक्रार शालनच्या पाचवीला पुजलेली. आज मात्र तिने आपली वाटीही त्यांच्यापुढे सरकवली.

संध्याकाळी तात्यांना पणजीच्या इस्पितळात दाखल व्हायचं होतं. तरी वाटेत वेंगुर्ल्याला जेवू, दीपगृह पाहू, असा हट्ट तिनेच धरला होता.

"बाबा, तपासणीच तर आहे," सुरमईचे काटे काढून देत लेक पुन्हा म्हणाली.

"दीपगृहानंतर एखादं देऊळही बघू," शालन काकुळतीने म्हणाली.

"सुरमईपण अळणीच," तात्या कुरकुरले.

शालनने ताट बाजूला सारलं. "अहो, उद्या तुमची जीभ काढणार आहेत. आज मिठाला नावं ठेवा, मला ठेवा, हवी तेवढी ठेवा. मी ऐकतेय."