शंभर टक्के तब्येत

सिंधीपुऱ्याच्या अरुंद गल्लीत योगेंद्र आणि अजय यांचे फोटो स्टुडिओ समोरासमोर. लग्नांचे व्हिडिओ साठवायला दोघांनी एसएसडी डिस्क घेतल्या, त्याही तीन वर्षांपूर्वी एकाच दिवशी, एकाच दुकानातून. अजयच्या डिस्कचा दिवा दिवसभर लुकलुकायचा आणि काचेआडून ते बघून योगेंद्रच्या पोटात दुखायचं.

धूलकोटच्या मालूबाई मुलीच्या लग्नाचं शूटिंग ठरवायला आल्या, तेव्हा त्याने डाव साधला.

"मावशी, अजयला काम द्याल तर पस्तावाल. या डिस्कवर जितकं भरत जाल, तितकी ती झिजते. मधेच गेली तर पोरीचे फेरे परत कुठून आणाल?" मग दारातूनच ओरडला, "अजय, आण रे तुझी डिस्क! मावशींना तिची तब्येत दाखवू."

अजय भोळेपणानं घेऊन आला. योगेंद्रने दोन्ही डिस्क आळीपाळीनं लॅपटॉपला लावल्या. अजयच्या डिस्कची तब्येत निघाली अठ्ठ्याहत्तर टक्के, योगेंद्रच्या डिस्कची पुरी शंभर.

"बघा! दोन्ही एकाच दिवशी घेतलेल्या. त्याची घासून गेली, माझी अजून कोरी करकरीत!"

मालूबाईंनी चहा संपवला, पिशवीतून हळद लावलेली पत्रिका काढली आणि अजयच्या हातात ठेवली. मग योगेंद्रकडे वळून म्हणाल्या,

 

"बेटा, तीन साल झाले ना? मग तुझ्या डिस्कवर कोणी लगन चढवलंच नाही का रे?"